हलगीवाल्याचा पोरगा

“तू खाली उतर बे.”

चेअरमननं हे माइकवर सांगितलं, हजार माणसांसमोर. माजलगावकडच्या एका साखर कारखान्याचं मोळीपूजन होतं. चेअरमनच्या पोराच्या हौसेपायी आमचा रॉक बँड पुण्याहून आलेला. मी बेस गिटार वाजवायचो. पहिलं गाणं संपलं आणि मंचाखाली हलगी घेऊन उभ्या असलेल्या माझ्या बापाला मी हात केला. चेअरमननं ते पाहिलं.

मांगवाड्याची हलगी त्या मंचावर कधी चढली नव्हती. उसाची पहिली मोळी गाळपासाठी गव्हाणीत पडेपर्यंत खाली मातीत उभं राहून वाजवायचं, वरून फेकलेला खोबऱ्याचा तुकडा झेलायचा, ही रीत. त्या वर्षी दुष्काळानं निम्मा ऊस वाळला होता, गावं टँकरवर जगत होती. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

“ह्यो आपल्या हलगीवाल्याचा पोरगा हाय,” चेअरमन हसत म्हणाला. “ते गिटार-फिटार ठेव आन् बापाजवळ हुबा ऱ्हा. तुमची जागा ती हाय.”

लोक हसले. माझे कान तापले. आमचा गायक जवळ आला. “उतर ना यार, एका गाण्याचा तर प्रश्न आहे. तसाही बेस कुणाला ऐकू येतो?”

चार वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो, एका ताटात जेवलो. चेअरमनपेक्षा त्याचं बोलणं जास्त लागलं.

आणि मी उतरायला लागलो. दोन पायऱ्या उतरलोसुद्धा. सांगायची लाज वाटते.

बाप खालून दात-ओठ खात म्हणाला, “कावून उतरायलास? मी सांगितलं का? खाली आलास तर थोबाड फोडीन.”

मी परत चढलो. माइक ओढला.

“मी उतरणार न्हाई. माझ्या बापाला वर घ्या, मगच वाजवतो.”

चेअरमनच्या माणसांनी माझा माइक बंद केला. दोघांनी दंडाला धरून मागच्या बाजूनं बाहेर काढलं. बँड माझ्याविना वाजला. टाळ्याही पडल्या.

बापाला त्यानंतर कारखान्याचं बोलावणं नाही. मला बँडनं काढलं. दोन हंगाम दोघंही रिकामे. भूक लागते, राग येतो, कधी रडूही येतं.

आता कुणी वाजवायला बोलावलं की एकच विचारतो, हलगीवाले कुठं उभे राहतील? खाली म्हणाले, तर मी येत नाही. आणि नुसता घरी बसत नाही. त्या गावच्या हलगीवाल्यांकडं जातो, त्यांनाही जाऊ देत नाही.