कोरडा जावई

अख्ख्या भंडारा जिल्ह्यात सासुरवाडीला आल्यावर सासूच्या आधी विहिरीला भेटणारा जावई एकच, आणि तो नेमका आमच्या वाट्याला आला. हे आमचे भाटवे, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. विहिरींचं पाणी मोजायची त्यांना सरकारी नोकरी. नाकाडोंगरीपलीकडच्या आमच्या गावाशेजारी मँगनीजची खाण, जमिनीखाली खोल गेलेली. ऐंशी सालाच्या आसपास तिथले पंप सारखं पाणी उपसत आणि इकडे गावच्या विहिरी खाली खाली जात. किती खाली, ते भाटवे सांगत. कोणी विचारलं नाही तरी सांगत. लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढणाऱ्याला थांबवून सांगत.

पोलादी टेपच्या टोकाला खडू फासायचा, टेप विहिरीत सोडायचा, खडू जिथवर ओला झाला तिथवर पाणी, अशी त्यांची रीत. मी शाळामास्तर, त्यामुळे खडू माझा. दिवाळीला लोकांचे जावई घड्याळासाठी रुसतात, आमचे खडूच्या डब्यासाठी रुसायचे. इकडे मी नखाएवढ्या तुकड्याने फळ्यावर लिहायचो आणि पोरांना काटकसरीवर भाषण द्यायचो. टेप धरायलाही मीच. विहिरीत डोकावलं की मला गरगरतं, म्हणून डोळे मिटून धरायचो. "टेप धरा म्हटलं मास्तर, रामनाम कायले घेऊन राहिले!" असं भाटवे ओरडायचे.

गावच्या सगळ्या विहिरी आटल्या, तरी भाटवे आले की आमची तेवढी ओली निघायची. विज्ञान मीच शिकवत असल्यामुळे मी वर्गात भूगर्भातल्या गुप्त झऱ्यावर तासभर बोललो. फळ्यावर झऱ्याचं चित्रही काढलं.

मग खाणीने कबूल केलं, की मास्तरांची विहीरसुद्धा कोरडी निघाली तर गावाला नळ देऊ. खाणीचे साहेब आले, काठावर गाव जमलं. भाटव्यांनी टेप वर ओढला तर खडू टीचभर ओला!

"पाणी आहे की," साहेब हसले.

गेला नळ! भाटव्यांचं तोंड एवढंसं झालं. मी पुढे होऊन साहेबांना गुप्त झरा समजावू लागलो, तेवढ्यात भाटव्यांना आई दिसली. पदर चिंब, पायाशी पाणी आणायची रिकामी पितळी गुंडी, आणि गावच्या बोडीपासून, म्हणजे छोट्या तळ्यापासून, विहिरीपर्यंत सांडलेल्या पाण्याची वाट.

"मामी, विहिरीत पानी तुमी टाकता?"

"मंग! जावई आला, टेप सोडला, अन् कोरडाच वापस धाडू? लोकं काय म्हनतीन मले?"

गाव पोट धरून हसलं, साहेबही हसले. मी गुप्त झऱ्यासकट घरात पळालो. दुसऱ्या दिवशी बहिणीने आईला घरात अडकवून ठेवलं, आणि साहेबांसमोर खडू ठणठणीत कोरडा निघाला. गावात नळ आला.

आता आई नाही. दिवाळीच्या दिवसांत तिची फार आठवण येते. भाटवे रिटायर झाले, तरी टेप घेऊनच येतात. आता त्या विहिरीत बेडूकही राहत नाही. ते यायच्या आधी मी नळावर दोन गुंड्या भरतो आणि विहिरीत ओततो, अर्थात डोळे मिटून. अर्धं पाणी माझ्याच पायजम्यावर सांडतं. भाटव्यांना तो चिंब पायजमा दिसतो, पण ते कधी काही विचारत नाहीत.

यंदा मात्र टेप वर ओढून ते बराच वेळ ओल्या खडूवर अंगठा ठेवून बसले.

"वलं हाय, मास्तर," ते म्हणाले. "मामीनं यासालीबी कोरडं नाही धाडलं."