कात्रीच्या पात्यावरली शाई

भरमाण्णाला आमच्या गल्लीत कुणी घाबरत न्हाय, मांजरबी न्हाय. पर तेच्या हाताला सगळी मानत्यात. माणूस मूळचा खानापूरकडचा. उमर सगळी बेळगावात गेली, एका कारखान्यात हत्यारांना धार लावण्यात. रिटायर झाल्यावर बायकोच्या, म्हंजे मंगलच्या माहेरी निपाणीत येऊन ऱ्हायला. घरजावई म्हणून कितीबी चिडवा, नुसता हसतो. दारात छपरी घातली, छपरीत दोन दगड मांडले, आन् विड्या वळणाऱ्या बायकांच्या कात्र्या यायला लागल्या. आता विडीवालीची कात्री म्हंजे काय, ते बाहेरच्याला कळायचं न्हाय. पान कापायची आपली कात्री बाई नवऱ्याच्याबी हातात देत न्हाय. भरमाण्णाच्या तेवढी देत्यात.

आन् हा काय करतो? आधी पात्याच्या उतारावर, म्हंजे धारेकडं घासलेल्या तिरक्या अंगावर, काळ्या मार्करनं शाई फासतो. कारखान्यातली सवय. मग पातं दगडावर हळूच एकदा ओढायचं आन् उजेडात धरून बघायचं. जिथली शाई गेली तिथं दगड लागला, जिथं ऱ्हायली तिथं न्हाय लागला. शाई पार धारेच्या टोकापतूर गेली म्हंजे हात बरोबर धरलाय. मंगल पहिल्यांदा हे बघून म्हणालती, "अवो, कात्रीला काजळ घालताय व्हय? आमच्या डोळ्यांना कधी आणलं न्हाईसा ते!"

तर परवा आक्काताई आली. ही पल्याडच्या बोळातली, तोंडानं फटकळ, हातानं लई चपळ. तिची कात्री तिच्या आईची. झिजून झिजून पातं सुकलेल्या मिरचीएवढं ऱ्हायलंय.

"आण्णा, जपून हं," ती म्हणाली. "लोखंडच ऱ्हायलं न्हाय हिच्यात. वाकडी घासलासा तर संपली. दुसऱ्या कात्रीवर माझा हात बसत न्हाय."

"मीच लावतोय न्हवं दरवर्सी? जा निवांत."

ती गेली. भरमाण्णानं शाई फासली, पातं नेहमीसारखं आडवं धरून ओढलं, बघितलं. वरच्या अंगाची शाई साफ गेलती. धारेजवळ काळी रेघ तशीच.

दगड तिथं लागलाच न्हवता.

पुन्यांदा फासली, पुन्यांदा ओढलं. तेच. म्हणाला, मार्कर लई पक्का असंल. निळा आणला. निळी रेघबी तशीच. चष्मा पुसला. दगड मधी बसका झाला असंल म्हणून उलटा करून बघितला, पट्टी लावून बघितला. दगड सरळ. मग आपल्या हाताकडं बघाय लागला, जसा काय तो दुसऱ्याचाच हाय.

"चा पिताय का?" मंगल आतनं.

"मंगल, माझा हात थरथरतोय का गं?"

"घास खाताना तर थरथरत न्हाय."

तेनं तिची भाजीची विळी ओढून आणली. शाई फासली, ओढली. एका झटक्यात टोकापतूर साफ! म्हंजे हात बरोबर, दगड बरोबर. मग ही कात्री अशी का? दिवाळीला तेनंच लावलेली धार, तेच्याच हाताचा उतार, आन् तेच्याच हाताला जुळंना. स्वतःच्या घरात शिरावं आन् उंबराच दुसरीकडं असावा, तसं झालं बिचाऱ्याला. जोर लावावा तर पातं संपायची भीती. न लावावा तर आक्काताईला सांगायचं काय? तेला वाटलं, आपला हात बदललाय आन् आपल्यालाच पत्ता न्हाय. जेवणबी नीट गेलं न्हाय तेला.

सांजंला आक्काताई हजर.

"झाली?"

"न्हाय."

"न्हाय म्हंजे? आन् हे काळंनिळं काय फासलंय? माझ्या आईच्या कात्रीला असलं तोंड?"

"आक्काताई, तू दुसरीकडं कुठं धार लावलीस का? खरं सांग. चिकोडीला, कुठं जत्रंत?"

"आईशप्पत न्हाय! तुमच्याबिगर कुणाच्या हातात दिली असंल तर माझी बोटं झडू देत!"

मंगलनं भांडण थांबवायला चा आणला. आक्काताईनं रागारागात फुरकन पिला, कप उपडा केला, आन् बोलता बोलता कात्री उचलून कपाच्या बुडाच्या खरबरीत कडेवर खर्र खर्र घासाय लागली. पातं चांगलं उभं धरलेलं. तोंड चालूच, "...माझ्यावर संशय घ्यायला तुमी कोण..."

भरमाण्णा बघतच ऱ्हायला.

"हे काय करतीस?"

"काय करतीया?" तिनं हाताकडं बघितलं. "हे व्हय? हे काय धार लावणं हाय का! रोज सकाळी पानाला बसायच्या आधी घासतो की आमी. सगळ्याच बायका घासत्यात."

"रोज?"

"मग काय, तुमची धार वर्सभर पुरतीया व्हय?"

मंगल पदरात तोंड घालून हसाय लागली. भरमाण्णाला हसावं का रडावं कळंना. तेनं लावलेला आडवा उतार ही बया रोज उभा करत हुती, थोडा थोडा, कपाच्या बुडावर. आजवर जाड लोखंडावर तो जोर लावून रेघ घालवायचा, म्हणून ते कधी ध्यानात आलं न्हवतं.

"पुन्यांदा धर बघू तशीच," तो म्हणाला.

"चिडणार न्हाईसा न्हवं?"

"धर गं!"

तिनं धरली. तेनं वाकून पात्याचा कल बघितला, शाई नव्यानं फासली, आन् आपला हात तिच्या कलाएवढा उचलून दगडावर हलकं ओढलं. उजेडात धरलं. धारेजवळची शाई साफ गेलती. लोखंड जेमतेम खरवडलं हुतं. दोन्ही पाती तशीच हलक्या हातानं झाली.

आक्काताईनं कमरेच्या पिशवीतनं पान काढलं, पाण्याचा हात फिरवला आन् कात्री चालवली. तुकडा अलगद मांडीवर पडला. तिनं कात्री पदराला पुसून पिशवीत जपून ठेवली.

ती गेल्यावर मंगल म्हणाली, "बघा, तुमचा हात चांगला हाय. उगं जेवला न्हाईसा."

"हात चांगला हाय गं," भरमाण्णा मार्करचं टोपण शोधत म्हणाला. "पर इतकी वर्सं ह्या बायकांनी पानं कापली, ती माझ्या धारंवर का कपाच्या? तेवढं काय मला कळंना."