झऱ्याकडची रेघ

त्याला सगळे वाटाड्याच म्हणत. डोंगरातल्या वस्तीतला, पन्नाशीचा, पाहुण्यांना रान दाखवून पोट भरणारा. रानात बोलायला लागला की थांबायचं नाव नाही आणि वर्गात फोन हातात दिला की जणू विंचूच धरलाय!

वस्तीतल्या लोकांना आपला पर्यटनाचा धंदा इंटरनेटवर कसा मांडायचा ते शिकवायला आमच्या संस्थेनं मला नेमलं होतं. सहा दिवसांचा वर्ग, आठ संगणक, त्यातले दोन बंद. फोटो चढवणं, बुकिंग घेणं, पाहुण्यांच्या शेऱ्यांना उत्तर देणं, सगळं वाटाड्यानं मान मोडून शिकून घेतलं. अडला तो नकाशावर. मी म्हटलं, "दादा, झऱ्याकडे चालत जाताना वाट फोनमध्ये नोंदवा. नकाशावर तिची रेघ उमटते, ती साइटवर टाकू."

"कुठली वाट, बाई?" तो हसला. "आमची एक वाट नसतेच. आज इकडून नेलं तर उद्या तिकडून. गवताला उठायला वेळ नको का? माझ्या आत्यानं हेच शिकवलंय आम्हाला."

"अहो, पाहुण्याला घरबसल्या वाट दिसायला हवी. जग कुठे चाललंय आणि तुम्ही कुठे!" बोलून गेले मी, भर वर्गात. सगळे हसले. तो ओशाळला आणि दुसऱ्या दिवशी निमूटपणे रेघ नोंदवून घेऊन आला. मी टाळ्या वाजवल्या. अहवालात त्याचा फोटोही छापला, निसर्ग जपणाऱ्या पर्यटनाचा आदर्श म्हणून. आता त्या पानाकडे बघवत नाही.

वर्षभरात लोक वाटाड्याशिवायच यायला लागले, सगळे त्या एकाच रेघेवरून. गवत गेलं, माती उघडी पडली आणि पावसात धुपून थेट झऱ्यात उतरली. वस्ती तेच पाणी पिते. आत्यानं त्याच्याशी बोलणंच टाकलं.

काल तो ऑफिसात आला. मला वाटलं, आता चार शब्द सुनावणार. सुनावले असते तर बरं झालं असतं. खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाला, "बाई, रेघ टाकायची कशी ते शिकवलंत, पुसायची कशी ते माझं राहिलंच. लक्ष नसेल माझं त्या दिवशी."

अरे देवा, माझ्या चुकीचं खापर हा स्वतःच्याच डोक्यावर फोडून घेत होता!

आमच्या साइटवरची रेघ मी पुसली. मग शोधून बघितलं. किती जणांनी ती आपापल्या पानांवर उतरवून घेतली होती, मोजता मोजता थकले. स्क्रीन हळूच माझ्याकडे वळवली.

"गेली?" त्यानं विचारलं.

"गेली," मी म्हटलं.

त्याचा चेहरा खुलला. तिथूनच त्यानं आत्याला फोन लावला. "आत्या, पुसली गं बाईंनी! आता नाही यायचं कोणी. पाणी निवळेल." मग फोन माझ्यापुढे धरला. "तिला तुमच्याशी बोलायचंय."

"पोरी," म्हातारी म्हणाली, "भलं होवो गं तुझं."

मी "हो, आत्या" म्हटलं.