लाल दोऱ्याची कणसं

बाई आधी माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, हातांकडे बघत. हात मोकळे असले की म्हणत, "रिकामे दिसत्यात. धरा." आणि आपल्या हातात काहीतरी यायचं. सुतळीचं टोक, घेवड्याची पाटी, नाहीतर कात्री. तब्येतपाण्याची चौकशी त्यानंतर. आमचे नवे मुख्याध्यापक रुजू झाले आणि हस्तकलेच्या वर्गाची पाहणी करायला गेले. ती पाहणी त्यांनी दोन्ही मनगटांवर लोकरीची लड घेऊन केली. बाई समोर बसून तिचा गुंडा गुंडाळत होत्या. लड संपेपर्यंत त्यांना हलता आलं नाही आणि शेरा चांगला लिहावा लागला.

श्रीरामपूरच्या त्या शाळेत बाई शिवण आणि हस्तकला शिकवत. मी ग्रंथालय सांभाळत असे. आमच्या दोघांच्याही कामाला परीक्षेत गुण नव्हते, म्हणून आम्हाला शेजारशेजारच्या खोल्या दिल्या होत्या, जिन्याखालच्या. तुमच्याही शाळेत अशा दोन खोल्या असतील. आठवून पाहा.

मुलं प्रदर्शनासाठी बाजारातून तयार वस्तू आणत. बाई कधी रागावल्या नाहीत. रुमाल उलटसुलट करून विचारत, "कुणी केला?" मुलगी म्हणे, "मीच केला, बाई." मग बाई शांतपणे सांगत, "छान. आता उसव आणि माझ्यासमोर पुन्हा कर." पुढचं प्रदर्शन फार लहान भरत असे.

निवृत्त झाल्यावर त्या राहुरीच्या अलीकडे शेतावर राहायला गेल्या. नवरा आधीच गेला होता, मूलबाळ नव्हतं. घरापुढे वांगी, पावटा, कोथिंबीर आणि रविवारी ख्रिस्ती देवळात न्यायला शेवंती. पाळकसाहेबांनी एकदा सोय म्हणून प्लास्टिकची फुलं आणली. पुढच्या आठवड्यात ती बाईंच्या शेतातल्या बुजगावण्याच्या गळ्यात होती. पाळकसाहेबांनी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, पाखरांना अजून फरक कळत नाही, म्हणून तिथे ठेवलीत.

चारी बाजूंनी ऊस आणि मधे बाईंची दहा गुंठे ज्वारी, खास हुरड्याची. शेजारी हसत. पुतण्या दर वर्षी ऊस लावायचा आग्रह करी. पण ते बियाणं सासूकडून आलेलं होतं. "म्हातारीनं माझ्यावर जीव लावला न्हाई," बाई सांगत, "पण बी दिलं. कुणाला देत न्हवती." ते बी टिकवणं एवढा एकच हट्ट त्यांनी आयुष्यात केला असेल.

टिकवायची रीत सोपी होती, म्हणजे त्यांना सोपी. दाणे दुधात आले की त्या ओळीओळीने फिरत, प्रत्येक चांगल्या कणसातला एक दाणा चावून बघत आणि सगळ्यांत गोड कणसांच्या दांड्याला शिवणाच्या डब्यातला लाल दोरा बांधत. ही कणसं खायची नाहीत. ती शेतातल्या उभ्या ताटावरच, म्हणजे धाटावरच, वाळू द्यायची, पुढच्या पेरणीसाठी. बाकीची पाहुण्यांना.

पाहुणे म्हणजे आम्ही, शाळेतले. जानेवारीच्या अखेरीला, थंडी सरायच्या आत, बाई सगळ्यांना हुरड्याला बोलावत. सहल म्हणावी तर कोणालाच स्वस्थ बसू देत नसत. गणिताच्या सरांनी गोवऱ्या आणायच्या, मुख्याध्यापकांनी लसूण सोलायचा. ज्यांना काहीच जमत नसे त्यांनी चिपाडांची बैलगाडी करायची. ती बहुतेक वेळा मीच करत असे आणि माझ्या गाडीची चाकं फिरत नसत.

एका वर्षी मी सगळ्यांच्या आधी पोचलो. बाई आगटी पेटवत होत्या. हात बघून त्यांनी पाटी दिली आणि कणसं आणायला पाठवलं. मी आयुष्यभर पुस्तकांवर खुणा चिकटवलेला माणूस. आमच्याकडे लाल पट्टीची पुस्तकं म्हणजे खास, मोठ्या पाहुण्यांना दाखवायची. मी ज्वारीत शिरलो, लाल दोरे पाहिले आणि मनात म्हटलं, बाईंनी आमच्यासाठी निवडून ठेवलीत. सगळी शोधून तोडली. एकही सोडलं नाही. दोरे सोडून नीट गुंडाळून खिशातही ठेवले, परत द्यायला.

बाईंनी पाटी पाहिली. मग माझे हात पाहिले. मी खिशातले दोरे पुढे केले. ते त्यांनी घेतले, पदराच्या टोकाला बांधले आणि म्हणाल्या, "बसा, सर." त्या दिवशी त्यांनी मला दुसरं काम दिलं नाही. चुकल्याचुकल्यासारखं वाटलं खरं, पण मी त्याचा अर्थ मान मिळाला असा लावला.

असा हुरडा कधी खाल्ला नव्हता, असं सगळे म्हणाले. मुख्याध्यापक चटणी न लावता खात होते. बाई गरम कणसं तळहातांवर चोळून दाणे देत राहिल्या, आणि शेवटचा घास त्यांनीही घेतला.

पंधरा दिवसांनी मी त्यांचा डबा परत द्यायला गेलो, तर बाई शेतात उरल्यासुरल्या ज्वारीत फिरत होत्या. मागाहून आलेल्या, अर्ध्या भरलेल्या कणसांना तेच दोरे बांधत होत्या. तेव्हा त्यांनी दोऱ्यांचं सगळं मला पहिल्यांदा सांगितलं. गेल्या वर्षीच्या शिल्लक बियांना कीड लागली होती, हेही सांगितलं. मी विचारलं, "तेव्हाच का बोलला नाहीत?"

"तोडलेलं कणीस परत ताटाला लागतंय का? मग गरम गरम खाल्लेलं काय वाईट?" दोऱ्याची गाठ आवळत त्या म्हणाल्या, "गोडी परत यायला चार-पाच वर्सं लागतील. निवडत राह्यचं. मला कुठं जायचंय?"

पुढच्या वर्षीचा हुरडा पिठूळ लागला. गणिताच्या सरांनी तसं बोलूनही दाखवलं. बाई म्हणाल्या, "लई खरं बोलता." माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. ते त्यांचं मोठेपण होतं की शिक्षा, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

त्या वर्षी निवडीला मात्र त्यांनी मला बरोबर घेतलं. दाणा काढून माझ्या तळहातावर ठेवत आणि म्हणत, "सांगा." मी म्हणे, गोड आहे. त्या त्याच कणसातला दुसरा दाणा काढून चावत आणि थुंकत. "साखर कारखान्याच्या गावात राहून जीभ गेली तुमची." सबंध सकाळभरात माझं एकदाच बरोबर आलं. तेव्हाही त्या शाबास म्हणाल्या नाहीत, दोरा माझ्या हातात दिला.

त्या पावसाळ्यात बाई गेल्या. तीन दिवसांचा ताप, एवढंच. मूठमाती द्यायला आम्ही सगळे गेलो होतो. देवळातल्या बायकांनी शेवंती नाही म्हणून झेंडू आणला होता. नंतर पुतण्याने एक कापडी पिशवी माझ्याकडे आणून दिली. काकूने तुमच्यासाठी ठेवायला सांगितली होती, म्हणाला. त्याच्या आवाजात सुटल्याचा आनंद होता. आता तिथे ऊस आहे, आणि चांगला आलाय म्हणतात.

बी मी घरामागच्या जागेत पेरलं. ज्वारीची ताटं बघून शेजारच्या काकू विचारत होत्या, ग्रंथपाल निवृत्त झाल्यावर गुरं पाळणार का. शाळेतून दोनदा फोन आला, यंदा हुरडा कधी. मी सांगितलं, यंदा नाही. मुख्याध्यापकांना ते आवडलं नाही.

काल दाणे दुधात आले. आज सकाळी जेवणाआधी ओळीत शिरलो आणि एकेका कणसातला दाणा चावत गेलो. अकरा कणसं झाली. सगळी सारखीच वाटली. बारावं गोड लागलं. पाणी पिऊन आलो, त्याच कणसातला पुन्हा एक दाणा घेतला. पुन्हा गोड लागलं. वळून कुणाला दाखवावं म्हणून तळहात पुढे केला, तर मागे फक्त कुंपण होतं. आणखी एक दाणा काढला, चावला, आणि बराच वेळ तोंडात धरून उभा राहिलो.