मोबाईलमधला भाव

स्पेअर पार्टच्या दुकानात माझ्या पुढे एक रिक्षावाले उभे होते. त्यांनी तुटलेली क्लच केबल काउंटरवर ठेवली आणि शेजारी मोबाईल. "यात साठ रुपये कमी दाखवतंय, शेठ."

दुकानदारांनी चष्मा वर सरकवून फोटो पाहिला. चेहऱ्यावर राग नव्हता, रोज तेच ऐकल्याचा थकवा होता. मग आतून एक केबल आणून त्यांनी ती जुनीच्या शेजारी ताणून धरली. दोन्ही अगदी सारख्या भरल्या.

"मोबाईलमधली नव्या मॉडेलची आहे. तुमच्या गाडीला चार बोटं आखूड पडेल. ही न्या. भाव तिथलाच लावतो."

रिक्षावाले पैसे देऊन गेले. जुनी केबल काउंटरवरच राहिली. मी तिच्याकडे बघत होतो. नुसत्या फोटोवरून चार बोटांचा फरक कळायला किती केबली हाताखालून जाव्या लागत असतील. भाव आपण दहा ठिकाणी ताडून बघतो. हे ओळखणं मात्र आपल्याला फुकटच हवं असतं, आणि मिळालं की ते मिळाल्याचं लक्षातही राहत नाही. दुकानदारांच्या पाठीमागचे दोन रॅक रिकामे होते. गेल्या दिवाळीत भरलेले पाहिल्याचं मला आठवत होतं.

माझी पाळी आली. स्कूटरचे ब्रेकशू मागताना मी हातातला मोबाईल हळूच खिशात सरकवला.

"असू द्या," ते शांतपणे म्हणाले. "दाखवा, तुमच्या मोबाईलमध्ये काय भाव आहे."