लाल काच

शाळेच्या ऑफिसात गंगाधर मोहोळकरला सगळे भाऊसाहेब म्हणतात. दाखला असो की पगारबिल, भाऊसाहेबांच्या टेबलावर काम कधी अडत नाही. पण हाच माणूस कॅमेऱ्यात कुठला रोल घालायचा याचा विचार करायला बसला की उठायचं नाव घेत नाही. सोलापुरात आता रोलवर फोटो काढणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातला सगळ्यात खुळा आपल्या घरात, असं त्याची बायको चेतना म्हणते. म्हणते प्रेमानंच, पण म्हणते.

तिचंही काही चुकत नाही हो. फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या डब्याला चिकटून याचे रोल. बाहेर ठेवायची सोय नाही, कारण सोलापूरचा एप्रिल म्हणजे बाहेर राहिलेला रोल आणि कडक भाकरी यांत फार फरक उरत नाही. कपाटात लेन्सा; कुठली जवळची, कुठली लांबची, कुठली नुसतीच विकत घेतलेली. बाथरूमच्या खिडकीला काळी चादर, कारण रोल धुण्याचं काम घरीच. आणि एका डबीत रंगीत काचा, लेन्सवर चढवायच्या. पिवळी, नारिंगी आणि लाल.

लाल काच म्हणजे त्याचा जीव की प्राण. कृष्णधवल रोल घातला आणि लेन्सवर लाल काच चढवली की निळं आभाळ काळंभोर होतं आणि पांढरे ढग अंगावर येतात. फक्त एक आहे, लाल वस्तूचा लालपणा त्या काचेतून उरत नाही, ती फिकट होऊन जाते. हे त्यानं चेतनाला टोमॅटोचा फोटो काढून समजावलं होतं. फोटोतला टोमॅटो सोललेल्या बटाट्यासारखा पांढरा आला होता, आणि हा आठवडाभर येईल त्याला तो फोटो दाखवत होता. म्हणजे ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोयच नाही. सगळं ठाऊक होतं.

त्याची आत्या सोजरबाई मोडनिंबला असते. गंगाधरच्या गावात सातवीनंतर शाळा नव्हती, म्हणून तो आत्याकडं राहून शिकला. आत्याला मूलबाळ नव्हतं. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, कुंडलिकमामांनी, त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं, आणि ही काही बोलायची पद्धत म्हणून सांगत नाही. मामा सायकलवर पुढं बसवून त्याला परीक्षेला सोडायचे आणि पेपर सुटेपर्यंत कडुनिंबाखाली बसून राहायचे.

त्या दोघांचा जोडीचा एकही फोटो नव्हता. लग्नात काढलाच नाही, पुढं राहून गेलं. उन्हाळ्यात मामांना धाप लागायला लागली, डॉक्टरांनी हृदय थकल्याचं सांगितलं, तेव्हा आत्यानं फोन करून गंगाधरला सांगितलं, एवढा मोठा कॅमेरा हाय तुझ्याकडं, आमचा एक जोडीचा फोटू काढ की. गंगाधर म्हणाला, आत्या, असा काढतो की बघत राहशील.

आणि तिथंच घोडं अडलं. चेतना म्हणाली, रविवारी जाऊ, मोबाईलवर दोन काढू, तुमच्या कॅमेऱ्यावर दोन काढा, झालं. गंगाधर रागावला. मोबाईलचा फोटो म्हणजे काय फोटो? आत्या-मामांचा एकच फोटो होणार, तो तसाच व्हायला पाहिजे. त्यासाठी माणसांच्या चेहऱ्याला शोभणारी लेन्स पाहिजे. पुण्याहून एक जुनी मागवली. ती आली तर आत बुरशीचे ठिपके. ती परत केली, दुसरी यायला आषाढ उजाडला. मग रोल. रंगीत घालावा तर लग्नाच्या अल्बमसारखा दिसतो. कृष्णधवलच घालायचा, पण कुठला? त्यात श्रावण गेला. मधूनमधून मामा फोनवर हसून विचारायचे, फोटूवालं, कवा येतायसा? गंगाधरही हसायचा.

गेला शेवटी भाद्रपदात, चेतनाला घेऊन. आभाळ धुतल्यासारखं निळं आणि त्यात कापसाचे ढिगारे. एसटीतून उतरतानाच गंगाधरची मान वर. घरात आत्या-मामा नटून तयार होते. आत्यानं हिरवं इरकली लुगडं नेसलं होतं. नळावर पाय घसरून तिचा उजवा हात मोडला होता, मनगटापासून कोपरापर्यंत पलिस्तर. गंगाधरनं तो पदराखाली झाकायला सांगितला, फोटोत बरा दिसत नाही म्हणून. मामा पांढऱ्या शर्टात, टोपी घालून, खाटेच्या कडेला बसलेले. पार वाळून गेले होते. तिथंच, दारातल्या उजेडात फोटो काढला असता तर काय बिघडलं असतं? पण खाटेवरून आभाळ दिसत नव्हतं.

दोघांना बाहेर बांधावर नेलं. मामा आत्याच्या खांद्याला धरून उभे राहिले. गंगाधर खाली उकिडवा बसला, लाल काच चढवली आणि डोळा लावला. आत सगळं लालेलाल. आत्या लाल, मामा लाल, आणि त्यांच्या डोक्यावर काळसर आभाळात एक ढग चालत येत होता. मागं चेतनानं मोबाईल बाहेर काढला, तर यानं मान न वळवता तिला तो आत ठेवायला सांगितलं, त्यांची नजर हलते म्हणून. तिनं ठेवला. ढग काही लवकर जागेवर येईना. मामा, जरा थांबा, एवढं आलंच, असं तो म्हणत राहिला. मामांना धाप लागली होती, तरी ते थांबले.

“गंगा,” मामा म्हणाले, “ढगाचा काढतूस का आमचा?”

सगळे हसले. गंगाधर सगळ्यात मोठ्यानं हसला. ढग आला, त्यानं फोटो काढले. परतीच्या एसटीत तो नुसता ढगाबद्दल बोलत होता.

आता रोलवाल्यांची एक खोड असते. रोल पुरता संपल्याशिवाय धुवायचा नाही. निम्मा रोल शिल्लक होता, आणि असला रोल काय गल्लीतल्या कुत्र्यावर संपवायचा? कुठंतरी चांगला विषय मिळेल म्हणून तो थांबला. मामांचा एकदा फोन आला, फोटू झाला का? त्यानं सांगितलं, मामा, रोल संपला की लगेच. मामा म्हणाले, बरं बरं, सावकाश होऊ दे. दसऱ्याच्या आधी मामा गेले.

बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय. मामांचे दिवस झाल्यावर गंगाधरनं तो अर्धा रोल तसाच काढून धुतला, त्याचे प्रिंट काढले आणि पहिला खिडकीशी नेऊन पाहिला. आभाळ अप्रतिम होतं. ढग असा, की कुणीही वाहवा म्हणावं. आणि त्याखाली मामांशेजारी आत्या उभी होती, पांढऱ्या कपाळाची.

आधी त्याला वाटलं, धुताना काही झालं. दुसरा फोटो पाहिला, तिसरा पाहिला. कपाळ कोरंच. आणि मग टोमॅटो आठवला. मामा जिवंत, शेजारी उभे, टोपी घालून हसतायत, आणि यानं त्यांच्यादेखत आत्याचं कुंकू पुसलं होतं. मनाला कितीही सांगितलं की काचेचा गुण आहे, प्रकाशाचं शास्त्र आहे, तरी मन काही शाळेत शिकलेलं नसतं. चेतनानं फोटो पाहिला. मोबाईलबद्दल ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला झालं.

मग त्यानं काय करावं? फोटोवरचे बारीक डाग झाकायची शाई असते, ती काढली, सगळ्यात बारीक कुंचला घेतला आणि एका प्रिंटवर आत्याच्या दोन भुवयांच्या बरोबर मध्ये गोल, गडद कुंकू लावलं. हात जराही हलला नाही. भिंगाखाली धरलं तरी ओळखू येऊ नये असं काम झालं. त्याला फार दिवसांनी थोडं हलकं वाटलं. आत्याला आनंद होईल, आणि खरं काय ते कुणाला कळायचं कारण नाही.

दिवाळी सरल्यावर तो फ्रेम घेऊन मोडनिंबला गेला. आत्याचा हात बरा झाला होता. तिनं फ्रेम मांडीवर घेतली, पदरानं काच पुसली. मामांच्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं. डोळ्यांना पाणी आलं, ते येऊ दिलं. गंगाधरला वाटलं, चला, सुटलो. मग तिचं बोट मामांवरून तिच्या स्वतःच्या कपाळाशी आलं आणि थांबलं.

“हे कुंकू त्येंनी लावल्यालं न्हाय,” ती म्हणाली.

गंगाधरला कळेना. तिनं सांगितलं ते असं. त्या दिवशी तिचा उजवा हात पलिस्तरात होता. डाव्या हातानं कुंकू नीट लागेना, तेव्हा मामा म्हणाले, आण हिकडं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी तिला कुंकू लावलं. हात थरथरत होता, कुंकू वर सरकलं, कडेला गेलं, ओघळल्यासारखं झालं. ती म्हणाली, पुसून पुन्हा लावा. तर मामा म्हणाले, राहू दे, गंगाच्या फोटूत येऊ दे तसंच.

त्या दिवशी गंगाधर तासभर तिच्यासमोर होता. त्यानं पलिस्तर पाहिला, पदर पाहिला, ढग तर किती वेळ पाहिला. कपाळाकडं त्यानं पाहिलंच नव्हतं.

“आत्या, हे मी लावलंय. शाईनं.”

“आन् त्येंचं?”

त्यानं सगळं सांगितलं. काच, रोल, टोमॅटोसुद्धा. ती नीट ऐकत होती, न कळलेलं पुन्हा विचारत होती.

“म्हंजी त्या काचंतनं लाल दिसतच न्हाय?”

“नाही.”

“मग लावायची कशाला ती?”

“ढगांसाठी,” गंगाधर म्हणाला, आणि उभ्या आयुष्यात कुठला शब्द उच्चारताना त्याला इतकी लाज वाटली नव्हती.

आत्या रागावली असती, रडली असती, तर त्यानं पाय तरी धरले असते. तिनं विचारलं, न रंगवलेला फोटो हाय का? तो म्हणाला, आहे, पण आत्या, त्यात कपाळ... ती म्हणाली, असू दे. तोच आन. कुटं लावलं हुतं ते मला ठावं हाय की. आणि मग त्याला जेवायला वाढायला उठली, कारण तो सकाळचा उपाशी होता.

पुढच्या रविवारी तो कोरा फोटो मोडनिंबच्या भिंतीवर लागला. लाल काच गंगाधरच्या डबीत अजून आहे. फेकून दिली की सुटल्यासारखं होईल, म्हणून त्यानं ती फेकलेली नाही. महिन्यातून एकदा तो आत्याकडं जातो. कुणी ना कुणी आलेलं असतं, फोटोपुढं थांबतं, आणि दबक्या आवाजात विचारतंच, सोजराक्का, मालक असताना असं मोकळ्या कपाळानं कसा गं काढला?

“लावलं हुतं की,” आत्या सांगते, आणि काचेवर बोट ठेवते, भुवईच्या जरा वर, कडेला. “हितं हुतं. आमच्या गंगाच्या कॅमेऱ्याला दिसलं न्हाय.”

ती हे मायेनंच सांगते. गंगाधर तिथंच बसलेला असतो.