मे महिन्यातलं वादळ मागून येतं

काळाचौकीत मांडव घालणाऱ्या अनुजा घाडीगावकरला मोबाइलवर रडारचं चित्र बघायचं भारी वेड. कारणही तसंच होतं. पाच वर्षांपूर्वी मे महिन्यात तिनं इथले सगळे करतात तीच चूक केली. गणपतीतला पाऊस समुद्राकडून येतो, म्हणून मांडवाची पश्चिमेची बाजू आवळून बांधली, आणि वादळानं पूर्वेकडून येऊन अख्खा मांडव उचलून नेला! तेव्हापासून मे लागला की बाई चहासुद्धा पूर्वेला, शिवडीच्या खाडीकडे तोंड करून प्यायची.

आज चाळीच्या पटांगणात दत्ताराम परबांच्या लेकीची हळद होती, मांडव अनुजाचाच. चार वाजता रडारवर पनवेलच्या डोक्यावर लालभडक डाग उमटला आणि झपाझप शहराकडे सरकायला लागला.

"छताचं कापड उतरवा! नुसते बांबू राहू देत! सगळे जिन्याखाली चला!" अनुजा ओरडली.

दत्ताराम खवळले. "अगो, समुद्राकडे बघ, आभाळ कसं लख्ख आहे! हळद आहे माझ्या पोरीची, खेळ नाय!"

"काका, मागे बघा!"

मागे शिवडीकडे आभाळ काळंकुट्ट झालं होतं. कापड कसंबसं उतरलं आणि वारा सुटला. पत्रे थडथडले, धूळ उसळली, आणि मग ताडताड गारा! उघडे बांबू करकरले, पण एकही जागचा हलला नाही.

गारा थांबताच हळदीनं माखलेली नवरी ओंजळभर बर्फ घेऊन नाचायला लागली.

दत्तारामांनी हळूच विचारलं, "अनुजा, कापड कधी चढवायचं गो?"

तिनं मोबाइल काढेपर्यंत सगळी चाळ समुद्राकडे पाठ करून उभी होती.